पहिला गडगडाट आणि अर्धी भरलेली गाडी: केळी पट्ट्यातल्या एका वळवाचं प्रकरण

हे प्रकरण कुठल्या एका गावचं किंवा एका दिवसाचं नाही. तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे रावेर, यावल, चोपडा भागात, रोहिणी संपून मृग लागायच्या सुमारास जे पुन्हा पुन्हा घडतं ते इथे एकाच शेतात, एकाच दुपारी मांडलं आहे. वेळा आणि अंतरं मात्र हिशेब बरोबर उतरेल अशीच घेतली आहेत, कारण या प्रकरणात सगळा प्रश्न पंधरा मिनिटांचा आहे.

शेत आणि माणसं

तीन एकर केळी. मागच्या मृगात लावलेली टिश्यूकल्चरची रोपं, ग्रँड नैन जात. घड तयार आहेत आणि कापणी सुरू आहे. गाव दीड किलोमीटरवर. त्यातला शेवटचा ९०० मीटरचा रस्ता काळ्या मातीचा, कच्चा. उत्तरेच्या बांधावर एक जुना निंब, साधारण १२ मीटर उंच. आसपास त्याच्याइतकं उंच दुसरं काही नाही. विहिरीजवळ पंपाची खोली आहे: विटांच्या भिंती, वर पत्रा, आत मोटारीचा स्टार्टर. बैलजोडी निंबाखाली बांधलेली.

माणसं बारा. मुकादम, दोन कापणारे, पाच घड वाहणारे, एक गाडीत रचणारा, ट्रकचा ड्रायव्हर, शेतकरी आणि त्याची बायको. गाडी नऊ टनांची, निम्मी भरलेली. टोळीची मजुरी भरलेल्या मालावर ठरलेली आहे, दिवसावर नाही. ही शेवटची गोष्ट हवामानाइतकीच महत्त्वाची आहे.

३.३५ ते ४.०९

दुपारी पारा ४३ अंशांवर. वारा पडलेला, घाम वाळत नाही. जमिनीलगत तापलेली, दमट हवा आणि वर थंड हवा, अशी ही स्थिती. सातपुड्याच्या अंगाला ढग उभे राहू लागले होते, माथ्याला कोबीच्या गड्ड्यासारखे फुगलेले. असा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. त्याचा माथा पसरून ऐरणीसारखा सपाट दिसू लागला की ढग पूर्ण पिकला असं समजायचं. उन्हाळ्यात असे ढग रोज दिसतात आणि बऱ्याचदा डोंगरावरच विरतात. म्हणूनच कोणी मान वर करत नाही.

३.३५ ला पहिला गडगडाट ऐकू आला. लखलखाट दिसल्यापासून आवाज यायला ४५ सेकंद लागले. आवाज किलोमीटरमागे सुमारे तीन सेकंद घेतो, म्हणजे वीज १५ किलोमीटरवर होती. गडगडाट साधारण इतक्याच अंतरापर्यंत ऐकू येतो. दुसरीकडे ढगातून निघालेली वीज पावसाच्या दहा-पंधरा किलोमीटर पुढेही पडू शकते. तेव्हा गडगडाट ऐकू आला याचा अर्थ 'दूर आहे' असा होत नाही. आपण विजेच्या टप्प्यात आलो, इतकाच त्याचा अर्थ.

३.४७ ला हेच अंतर २५ सेकंदांवर आलं, म्हणजे आठ किलोमीटर. बारा मिनिटांत ढग सात किलोमीटर सरकला, ताशी ३५ चा वेग. शेतकरी म्हणाला, "मुकादम, पाणी येतंय वाटतं." मुकादमाचं उत्तर कुठल्याही टोळीत ऐकू येईल असंच होतं: "आबा, अर्धी गाडी राहिलीय. दोन रांगा उरकून घेऊ."

३.५५ ला हवा फिरली. क्षणभर पानही हललं नाही, मग उत्तरेकडून धुळीची भिंत आली आणि पाठोपाठ एकदम गारवा. हा गारवा सुखाचा वाटतो, पण ती ढगातून खाली कोसळणारी थंड हवा असते. पाऊस पडताना वाटेत बाष्प होतो, हवा थंड आणि जड होते, खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. पावसाच्या पुढे धावणारं वावधन ते हेच. ताशी ६०-७० किलोमीटरचा झोत केळीला पुरेसा असतो. केळीचं खोड हे खरं खोड नाही, पानांच्या देठांची गुंडाळी आहे. मुळं उथळ, ठिबकनं ओली ठेवलेली माती मऊ, आणि वर वीस-पंचवीस किलोचा घड एका बाजूला लोंबतोय. वाऱ्याला अडवायला प्रत्येक झाडाला आठ-दहा मोठी पानं. काही झाडं कंदासकट उपटली जातात, काही मधून मोडतात. टेकूचा बांबू निसटला तर तो भाल्यासारखा येतो. रांगेत घड खांद्यावर घेऊन चालणाऱ्याला खरा पहिला धोका विजेचा नसतो, शेजारच्या झाडाचा असतो.

४.०४ ला टपोरे थेंब. लखलखाट आणि आवाज यांत पाचच सेकंद. सगळे पांगले:

– चौघे निंबाखाली. एक कापणारा बुंध्याला पाठ लावून, तीन वाहणारे तीन-चार मीटरवर जमिनीवर बसलेले.
– मुकादम, शेतकऱ्याची बायको आणि एक वाहणारा पंपाच्या खोलीत.
– रचणारा आणि एक वाहणारा ट्रकखाली.
– ड्रायव्हर केबिनमध्ये, काचा वर करून.
– शेतकरी आणि दुसरा कापणारा बागेतच, पडणाऱ्या झाडांच्या दोऱ्या ओढत.

४.०९ ला वीज निंबावर पडली.

कोणाला काय झालं आणि का

वीज थेट अंगावर पडून दगावणारे फार थोडे असतात, शंभरात तीन ते पाच. निम्म्याच्या आसपास बळी जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाचे, आणि बाकीचे बरेचसे जवळच्या उंच वस्तूवरून बाजूला उडी घेणाऱ्या विजेचे. झाडाखाली उभं राहणारा माणूस हे दोन्ही धोके एकदम ओढवून घेतो.

बुंध्याला टेकलेल्या कापणाऱ्याच्या बाबतीत विजेनं ओल्या सालीवरून उतरताना वाट बदलली. झाडाच्या लाकडापेक्षा माणसाचं शरीर वीज सहज वाहून नेतं, म्हणून ती बुंध्यावरून अंगावर आली. हातात कोयता होता हे कारण नव्हे. कोयत्यानं वीज ओढली जात नाही. ती उंची शोधते आणि इथे उंची निंबाची होती. कोयत्यामुळे फार तर तळहाताला चटका बसतो.

बसलेल्या तिघांना झाडानं काही केलं नाही, जमिनीनं केलं. वीज बुंध्याशी जमिनीत शिरली की तिचा विद्युतदाब बुंध्यापासून बाहेरच्या दिशेनं कमी होत जातो. एक पाय बुंध्याजवळ आणि दुसरा लांब असेल तर दोन पायांमधल्या दाबाच्या फरकानं प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. मांडी घालून, हात टेकून बसलेल्या माणसाचे जमिनीला टेकलेले भाग जास्त, त्यामुळे फरकही जास्त. तिघांचेही पाय लुळे पडले, थंडगार, निळसर झाले, हाताला नाडी लागेना. हे दृश्य भयंकर असतं, पण विजेच्या धक्क्यात ते बहुधा तात्पुरतं असतं आणि काही तासांत पाय परत येतात. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर मोठं, म्हणून त्याला फरक अधिक बसतो आणि प्रवाह छातीतून जातो. जोडीतला एक बैल जागीच गेला. कळपच्या कळप झाडाखाली मरतात ते याच कारणानं.

पंपाच्या खोलीत मुकादम स्टार्टरला खांदा लावून उभा होता. वीज खांबावर किंवा जवळपास पडली तरी तारेतून झटका आत येतो. त्याला भिंतीवर फेकला गेल्यासारखा धक्का बसला, खांद्यावर भाजलं, कानातून रक्त आलं. कानाचा पडदा फाटणं ही विजेची नेहमीची खूण आहे. दाराशी, भिंतीपासून दूर असलेले दोघे बचावले. विटांच्या भिंतींवर नुसता पत्रा असलेली खोली पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. पत्र्यावर उतरलेल्या विजेला जमिनीत जायला धातूची अखंड वाट लागते, ती तिथे नसते.

ट्रकखालच्या दोघांना पायाला झिणझिण्या आल्या, एवढंच. ते सुदैव. केबिनमधला ड्रायव्हर सुरक्षित होता, पण त्याचं कारण रबरी टायर नव्हेत. इतक्या उंचीवरून हवा फोडत आलेली वीज चार इंच रबरापाशी थांबत नाही. वाचवतो तो चहूबाजूंचा धातूचा सांगाडा, जो प्रवाह बाहेरच्या बाहेर उतरवतो. म्हणून बंद केबिन चालते, उघडा हौदा चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही, दुचाकी तर नाहीच. केबिनमध्ये बसल्यावर दाराच्या कडीला, रेडिओला, चार्जिंगच्या वायरीला हात लावायचा नाही. मोबाईलवर बोलायला मात्र हरकत नाही. बिनतारी फोन वीज ओढतो ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी माणसं मदतीचा फोन करायचं टाळतात.

बागेतले दोघे वाचले. बारा मीटरच्या निंबापेक्षा सारख्या उंचीच्या केळीत असणं कमी वाईट, एवढंच त्यावरून म्हणता येईल. केळीची बाग हा निवारा नाही, आणि त्या वाऱ्यात दोऱ्या ओढायला थांबणं हा तर सरळ वेडेपणा होता.

पुढची पाच मिनिटं

खरी हानी इथे झाली. तिघे ओरडत होते, म्हणून सगळे तिघांकडे धावले. कापणारा गप्प पडला होता, तो 'गेला' असं धरून त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. 'अंगात अजून करंट असेल' हीही भीती होती. विजेचा झटका सेकंदाच्या अंशात संपतो, शरीरात काही साठत नाही. लगेच हात लावता येतो.

विजेच्या अपघातात क्रम उलटा असतो. जो ओरडतोय तो श्वास घेतोय, तो थांबू शकतो. जो गप्प आहे त्याच्याकडे आधी जायचं. विजेनं हृदय एकदम थांबतं, पण पुष्कळदा ते आपोआप पुन्हा सुरूही होतं. श्वासाचं केंद्र मात्र त्याहून जास्त वेळ बधिर राहतं. हृदय चालू, श्वास बंद, अशा अवस्थेत प्राणवायू संपतो आणि हृदय दुसऱ्यांदा थांबतं, ते मात्र प्राणवायूअभावी. मधल्या त्या काही मिनिटांत कोणी तोंडानं श्वास दिला तर माणूस परत येऊ शकतो. साध्या हृदयविकारात नुसती छाती दाबूनही काम भागतं, विजेच्या बाबतीत श्वासाला जास्त किंमत आहे.

करायचं ते असं. झाडाखालून ओढून वीस-पंचवीस पावलं लांब न्यायचं, कारण वीज त्याच झाडावर पुन्हा पडू शकते. खांदे हलवून हाक मारायची, दहा सेकंद छाती वर-खाली होते का पाहायचं. होत नसेल किंवा अधूनमधून नुसती आचके दिल्यासारखी होत असेल तर सपाट, टणक जागी उताणं ठेवायचं. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या निम्म्यावर तळहाताची टाच, वर दुसरा हात, कोपरं सरळ. पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं ३० दाब. मग हनुवटी उचलून, नाक दाबून दोन श्वास, छाती फुगेल एवढेच. पुन्हा ३०. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण थकलेल्या हातांचा दाब उथळ होतो आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही. चिखलात पाठ रुतत असेल तर दाब वाया जातो. पाठीखाली फळी, दार, हौद्याचा पाट, जे हाताशी असेल ते सरकवायचं.

पाणी पाजायचं नाही. देशात काही ठिकाणी विजेच्या रुग्णाला शेणात किंवा चिखलात पुरून ठेवतात. त्यानं काहीच साधत नाही, उलट हीच पाच मिनिटं जातात.

१०८ ला फोन लागला, पण पत्ता 'निंबाजवळचं शेत' असा सांगितला गेला. सांगायला हवं होतं: गाव, फाटा, वीज पडली, पाच माणसं, एकाचा श्वास बंद. आणि सर्वांत मोठी अडचण पुढेच होती. काळ्या मातीच्या रस्त्यावर वीस मिनिटं जोराचा पाऊस झाला की रुग्णवाहिका आत येत नाही. अर्धा भरलेला ट्रकही जागेवरून हलला नाही, मागची चाकं रुतली. ट्रॅक्टर-ट्रॉली गावातून मागवावी लागली. डांबरी रस्त्यापर्यंत पोहोचायला पस्तीस मिनिटं गेली. त्यात पहिली पाच मिनिटं हात न लावता गेलेली. कापणारा वाचला नाही.

पाऊस ओसरल्यावर, ४.३५ ला, बागेतले दोघे पडलेले घड गोळा करायला पुन्हा शिरले. ४.४८ ला शेजारच्या शेतात आणखी एक वीज पडली. पाऊस थांबला म्हणजे ढग गेला असं नसतं. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं मोजायची. मध्ये पुन्हा गडगडला तर मोजणी पहिल्यापासून.

पंधरा मिनिटांचा हिशेब

३.३५ ला निघाले असते तर दीड किलोमीटर चालत वीस मिनिटांत, धूळ उठायच्या सुमारास सगळे गावात असते. ट्रकच्या केबिनमध्ये दाटीवाटीनं चार-पाच जण बसतात आणि कोरड्या रस्त्यानं फेरी सात मिनिटांची, म्हणजे वाहनानं दोन-तीन फेऱ्याही झाल्या असत्या. ३.४७ ला निघाले असते तर चालणारे ४.०७ ला पोहोचले असते, म्हणजे शेवटची दहा-बारा मिनिटं उघड्या रस्त्यावर धुळीत आणि विजेत. ३.५५ नंतर चांगला पर्याय उरलाच नव्हता. म्हणून 'पाऊस आला की निघू' हा नियम या भागात उपयोगाचा नाही. नियम पहिल्या गडगडाटाचा हवा.

तो पाळला जात नाही याचं कारण अज्ञान नाही, मजुरी आहे. अर्धी गाडी सोडली तर टोळीचा अर्धा दिवस बुडतो, व्यापाऱ्याचा फोन येतो, गाडीभाडं अंगावर बसतं. हे हंगामाआधीच बोलून ठेवावं लागतं: गडगडाटानं काम थांबलं तर भरलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशी, उरलेले घड दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत, गाडीच्या खोळंब्याचा खर्च शेतकरी आणि व्यापारी निम्मा-निम्मा. कापलेले घड पानांखाली झाकून एक रात्र राहू शकतात. थांबवायचा अधिकारही एकालाच द्यावा, आमच्या मते मुकादमाला. शेतकऱ्याला मालाची काळजी असते आणि मजूर एकटा बोलू शकत नाही.

बाकीच्या गोष्टी त्या मानानं सोप्या. मे-जूनमध्ये कापणी पहाटे सुरू करून दुपारी दोनपर्यंत उरकावी, हे ढग बहुतेक दुपारनंतरच पिकतात. ट्रक आत घेताना तोंड रस्त्याकडे ठेवावं आणि शक्य असेल तर डांबराच्या कडेलाच उभा करून माल ट्रॉलीनं न्यावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास २० आणि ४० किलोमीटरमध्ये नुकत्याच पडलेल्या विजा दाखवतं. ते ड्रायव्हरच्या फोनवर असावं. केळीच्या रांगांत नेटवर्क नसेल तर कान आहेतच. गावच्या शाळेवर बसवलेली वीजरोधक यंत्रणा त्या इमारतीपुरती असते, दीड किलोमीटरवरच्या शेताला तिचा काही उपयोग नाही. गावात पोहोचल्यावर स्लॅबच्या घरात थांबावं, नळ, खिडक्या आणि भिंतीतल्या वायरिंगपासून दूर.

आणि अडकलोच तर? निंबापासून किमान तीस मीटर लांब, बांधावर नाही, विहिरीच्या कठड्याजवळ नाही, तारेच्या कुंपणाजवळ नाही. सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसायचं, हात जमिनीला न टेकता. यानं जमिनीतल्या प्रवाहाचा धोका थोडा कमी होतो, निवारा मिळत नाही. एकमेकांपासून पंधरा मीटर अंतर ठेवायचं. माणसं भीतीनं बिलगतात, पण बारा जण एकत्र असले तर बाराही जण पडतात आणि छाती दाबायला कोणी उरत नाही.

नंतरचं

लुळे पाय पूर्ववत झाले तरी तिघांनाही दवाखान्यात नेऊन हृदयाचा आलेख काढायला हवा. कान आणि डोळे तपासून घ्यावेत, मोतीबिंदू काही महिन्यांनीही उद्भवतो. झोप न लागणं, विसरणं, अंग दुखणं महिनोन्‌महिने चालू शकतं, त्याला ढोंग समजू नये.

वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना शासनाकडून चार लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी शवविच्छेदन आणि तलाठ्याचा पंचनामा लागतो. घाईनं अंत्यविधी केला तर प्रकरण अडकतं. मृत व्यक्ती शेतकरी कुटुंबातली असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा दोन लाखांचा अर्ज वेगळा करायचा. बैलासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आणि शवविच्छेदन लागतं, मदत ३२ हजारांपर्यंत.

बागेत शिरण्याआधी पडलेल्या तारा पाहायच्या. तुटलेल्या तारेपासून दहा मीटर लांब राहून महावितरणला १९१२ वर कळवायचं. ओला स्टार्टर वाळवून, तपासून घेतल्याशिवाय मोटार चालू करायची नाही. फळपीक विमा असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची आणि फोटो घड उचलण्याआधी काढायचे: रांगेचा एक, गट क्रमांकाच्या पाटीसह एक, कंदासकट पडलेल्या झाडांचा एक. भरलेले घड दोन दिवसांत कमी भावानं का होईना निघतात. कोवळे घड जनावरांपुढेच जातात. मोडलेली खोडं कापताना बुडाशी एक जोमदार पील, म्हणजे कंदातून फुटलेला कोंब, राखलं तर त्यावरच पुढची बाग, म्हणजे पिलबाग, उभी राहते. कंदासकट उपटलेल्या जागी मात्र नवं रोपच लावावं लागतं.